घर विकून निघताना: जाचक सोसायटी कमिटीशी व्यवहार कसा करावा

इमारतीत कायम राहणाऱ्या सभासदाला समितीने अडवले, तरी त्याच्याजवळ वेळ असतो. तो वार्षिक सभेत उठून बोलू शकतो, पुढच्या निवडणुकीत उभा राहू शकतो, वर्षभर पत्रव्यवहार करत बसू शकतो. घर विकायला काढलेल्या सभासदाचे तसे नसते. त्याने नव्या घराचे टोकन भरलेले असते, मुलांचे शाळेचे दाखले काढलेले असतात, खरेदीदाराची बँक पंधरा दिवसांत कागद मागत असते, आणि ही घाई समितीला कळली की एरवी पार्किंगच्या रेषेवरून कुरकुरणारे सचिव एकदम ‘विकासनिधी’, ‘शिफ्टिंग चार्जेस’, ‘मागची थकबाकी’ अशा एकेक बाबी बाहेर काढू लागतात. प्रत्येक समिती अशी नसते. अनेक ठिकाणी सचिव स्वतःच्या वेळेतून, विनामोबदला, चोख काम करतात. पण जिथे समिती जाचक आहे तिथे तिची खरी ताकद कायद्यापेक्षा आपल्या घाईतून येते, म्हणून पुढील सर्व टप्पे घाई सुरू होण्यापूर्वी कागद हातात यावेत अशा बेताने मांडले आहेत. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतील घर प्रथमच विकणाऱ्याला समोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

पहिला टप्पा: आपली संस्था नेमकी कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहणे

बोलताना आपण सगळ्यालाच सोसायटी म्हणतो, पण कागदोपत्री दोन वेगळे प्रकार असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर आपण तिचे सभासद असतो आणि आपल्याजवळ भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट असते. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील अपार्टमेंट असेल, तर भागपत्र नसते. आपल्या नावे नोंदणीकृत ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असते आणि इमारतीचा कारभार अपार्टमेंटधारकांचा संघ पाहतो. पुण्यात हा दुसरा प्रकार बराच आढळतो. अपार्टमेंटमध्ये भाग हस्तांतरित करण्याचा प्रश्नच येत नसल्यामुळे पुढे सांगितलेले हस्तांतरणाचे बरेचसे नियम तिथे लागू होत नाहीत. मात्र सामाईक खर्चाची थकबाकी राहिली तर विक्रेत्यासोबत खरेदीदारही तिला जबाबदार ठरू शकतो, म्हणून थकबाकी नसल्याचा दाखला तिथेही लागतोच. गेटवरच्या पाटीवर विसंबून न राहता नोंदणी प्रमाणपत्रावरील कायद्याचे नाव वाचावे. जमीन सिडको, म्हाडा किंवा शासनाच्या भाडेपट्ट्याची असेल तर त्या प्राधिकरणाची परवानगी हा स्वतंत्र विषय आहे. त्याची चौकशी याच वेळी सुरू करावी, कारण तिचा वेळ आपल्या हातात नसतो.

दुसरा टप्पा: सहा महिने आधी स्वतःचे कपाट उघडणे

समितीकडे बोट दाखवण्यापूर्वी आपली बाजू साफ असावी. सर्वांत आधी भागपत्र काढावे आणि त्याची मागची बाजू पाहावी. बहुतेक भागपत्रे ५० रुपयांच्या दहा भागांची, म्हणजे अवघ्या ५०० रुपये दर्शनी किमतीची असतात, आणि मागे छापलेल्या तक्त्यात प्रत्येक हस्तांतरणाची तारीख, नव्या सभासदाचे नाव आणि अध्यक्ष, सचिव व समिती सदस्य यांच्या सह्या असतात. त्या तक्त्यातील शेवटचे नाव आणि आपल्या नोंदणीकृत करारनाम्यावरील नाव अक्षरशः जुळले पाहिजे. करारनाम्यात पतिपत्नी दोघे आणि भागपत्रावर एकच, असे असेल तर ते आताच दुरुस्त करून घ्यावे.

घर अजून दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर विक्रीचा विचार थोडा बाजूला ठेवून आधी वारसाचे काम संपवावे. नामनिर्देशन केलेले आहे म्हणून नामनिर्देशित व्यक्ती मालक झाली, हा समज चुकीचा आहे. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण आले, त्यानुसार नामनिर्देशित व्यक्तीला वारस ठरेपर्यंत तात्पुरते सभासद करता येते. कायमचे हस्तांतरण मृत्युपत्र, वारस दाखला किंवा वारसांमधील दस्त यांच्या आधारे होते. जाचक समितीला अडवायला याहून सोयीची जागा मिळत नाही, आणि इथे तिचे म्हणणे बरोबरही असते.

यानंतर गेल्या काही वर्षांची देखभालीची बिले व पावत्या, आपण घेतलेल्या कर्जाची भागपत्रावर किंवा संस्थेच्या दप्तरात असलेली बँकेची नोंद, नूतनीकरणाच्या वेळी भरलेली परत मिळण्याजोगी अनामत रक्कम, आणि बाल्कनीला लावलेली जाळी किंवा हलवलेली भिंत यांसाठी घेतलेली परवानगी हे कागद एकत्र करावेत. अनामतीची पावती बहुतेक जण हरवतात, आणि ती रक्कम पाच-दहा हजारांची असूनही सोडून देतात. पावती सापडत नसेल तर बँकेचा त्या महिन्याचा उतारा काढून ठेवावा.

तिसरा टप्पा: खातेउतारा मागणे आणि तो आकड्यांनी तपासणे

विक्रीचा विषयही न काढता सचिवांना एक साधे पत्र द्यावे: ‘माझ्या सदनिकेच्या खात्याचा मागील तीन आर्थिक वर्षांचा बाबनिहाय उतारा कृपया द्यावा.’ इतकेच. कारण लिहू नये. घर विकायचे आहे हे कळण्यापूर्वी दिलेला उतारा आणि कळल्यानंतर दिलेला उतारा यांत फरक पडल्याचे मी स्वतः पाहिले आहे. ठाण्यातील आमच्या इमारतीत मार्चमध्ये मिळालेल्या उताऱ्यात माझी बाकी शून्य होती. ऑगस्टमध्ये खरेदीदार येऊन घर पाहून गेला आणि सप्टेंबरच्या बिलात ‘मागील दुरुस्ती वर्गणी’ म्हणून १८,००० रुपये उगवले. मार्चचा सही-शिक्क्याचा कागद पुढे ठेवल्यावर तो आकडा पुढच्या बिलात निमूटपणे नाहीसा झाला.

उतारा आल्यावर तीन ठिकाणी बारकाईने पाहावे. पहिले ठिकाण व्याजाचे. २०१४ च्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नियमांच्या (बाय-लॉजच्या) नमुन्यात, थकबाकीवरील व्याजाची कमाल मर्यादा दरसाल २१ टक्के आहे आणि ते सरळ व्याज आहे. म्हणजे ३०,००० रुपये वर्षभर थकले तर व्याज ६,३०० रुपये, महिन्याला ५२५. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागचे व्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावले जात असेल तर आकडा दर बिलाला फुगत जातो. सलग तीन बिले शेजारी ठेवली की हे लगेच दिसते.

दुसरे ठिकाण बिनभोगवटा शुल्काचे, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात. घर भाड्याने दिलेले असेल तर हे शुल्क आकारता येते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. इथे ‘सेवा शुल्क’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा महिन्याचे बिल ४,२०० रुपये आहे आणि त्यात मालमत्ता कर, पाणी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) वगळता सेवा शुल्क १,८०० रुपये आहे, तर बिनभोगवटा शुल्क १८० रुपये होते. अनेक समित्या पूर्ण बिलावर हिशेब करून ४२० लावतात. घरात आईवडील, मुलगा, मुलगी किंवा भाऊबहीण राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही.

तिसरे ठिकाण ‘इतर’ या शीर्षकाखालच्या रकमांचे. अशा प्रत्येक रकमेसाठी एकच प्रश्न लेखी विचारावा: हा आकार कोणत्या सर्वसाधारण सभेच्या कोणत्या ठरावाने लावला? त्यातून जी थकबाकी खरी निघेल ती वाद न घालता भरून टाकावी. सहकार कायद्याप्रमाणे संस्थेचे देणे चुकते झाल्याशिवाय हस्तांतरण प्रभावी होत नाही, त्यामुळे खरी बाकी ठेवून तत्त्वाची लढाई लढण्यात अर्थ नसतो. वादग्रस्त रक्कम लहान असेल आणि वेळ कमी असेल, तर ती चेकने भरून सोबत ‘ही रक्कम मला मान्य नसून ती परत मागण्याचा हक्क राखून भरत आहे’ असे पत्र द्यावे. रोख मात्र एक रुपयाही देऊ नये, आणि पावतीशिवाय तर मुळीच नाही.

चौथा टप्पा: उपविधी आणि ठराव मिळवणे

समिती तोंडी सांगते तो नियम नसतो. नियम उपविधींत असतो किंवा सर्वसाधारण सभेच्या ठरावात असतो. आपल्या संस्थेने स्वीकारून नोंदवलेल्या उपविधींची प्रत मागावी, कारण आदर्श उपविधी हा नमुना आहे आणि प्रत्यक्षात बंधनकारक असतात ते आपल्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधी. काही जुन्या इमारतींनी २०१४ चे उपविधी अजून स्वीकारलेलेच नाहीत. सोबत सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद पाहायला मागावा. हे कागद पाहण्याचा हक्क सभासदाला कायद्यानेच आहे आणि ठरलेली फी भरून त्यांच्या प्रतीही मिळतात. ‘इतिवृत्त पुस्तक अध्यक्षांच्या घरी आहे, अध्यक्ष गावी गेलेत’ हे उत्तर इतके सार्वत्रिक आहे की ते ऐकायची तयारी ठेवूनच पत्र लिहावे, आणि पाहण्यासाठी येण्याच्या दोन-तीन तारखा आपणच सुचवाव्यात.

या कागदांत मुख्यतः शोधायचे ते हस्तांतरणाचे आकार. इथेच सर्वाधिक लूट होते, म्हणून आकडे पाठ असलेले बरे. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आणि नव्या सभासदाचे प्रवेश शुल्क १०० रुपये आहे. याखेरीज हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे ट्रान्सफर प्रीमियम, सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने घेता येते, पण त्याला ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने कमाल मर्यादा घातली आहे: महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपये, ‘अ’ वर्ग नगरपालिका क्षेत्रात २०,०००, ‘ब’ वर्गात १५,०००, ‘क’ वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. घराची किंमत दोन कोटी असली तरी मुंबईत हा आकडा २५,००० च राहतो. कुटुंबातील व्यक्तीच्या, वारसाच्या किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे हस्तांतरण असेल तर अधिमूल्य घेता येत नाही.

याउपर देणगी, विकासनिधी, ऐच्छिक वर्गणी अशा कोणत्याही नावाने विक्रेत्याकडून वा खरेदीदाराकडून हस्तांतरणापोटी पैसे घेण्यास मनाई आहे. ‘ऐच्छिक’ या शब्दाची गंमत अशी की ती रक्कम सगळ्यांसाठी सारखीच असते आणि ती न दिल्यास भागपत्र परत मिळत नाही. आमच्या सचिवकाकांनी मला एक लाखाचा आकडा सांगितला तेव्हा मी त्यांना फक्त एवढीच विनंती केली, ‘काका, हे संस्थेच्या लेटरहेडवर लिहून द्या, म्हणजे मी खरेदीदाराला दाखवतो.’ ते लेटरहेड कधी आले नाही, आणि एक लाखाचा विषयही पुन्हा निघाला नाही. वाद घालण्यापेक्षा लेखी मागणे जवळजवळ नेहमीच अधिक परिणामकारक ठरते.

अधिमूल्य खरेदीदार भरणार की विक्रेता, हे करारनाम्यातच लिहून घ्यावे. सिंकिंग फंडात आणि दुरुस्ती निधीत वर्षानुवर्षे भरलेले पैसे निघताना परत मिळतील अशी आशा काही जण बाळगतात. ते मिळत नाहीत, ते इमारतीबरोबरच राहतात, म्हणून विक्रीची किंमत ठरवतानाच त्याचा विचार करावा.

पाचवा टप्पा: ना हरकत दाखल्याचा गुंता सोडवणे

आदर्श उपविधी स्पष्ट सांगतात की भाग व हितसंबंध हस्तांतरित करण्यासाठी संस्थेचा ना हरकत दाखला आवश्यक नाही. दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधकही सर्वसाधारणपणे तो मागत नाही. मग सगळे जण या दाखल्यासाठी सचिवांच्या दारात का उभे असतात? कारण खरेदीदार कर्ज घेतो आणि त्याच्या बँकेला हा दाखला तिच्या स्वतःच्या नमुन्यात हवा असतो. समितीच्या हातातील दोरी ती हीच. कायदा मागत नसलेला कागद बँक मागते आणि तो देण्याचे सामर्थ्य समितीकडे असते.

यावर उपाय असा की दाखला मागण्यासाठी कर्जमंजुरीच्या पत्राची वाट पाहू नये. खरेदीदाराने बँक निश्चित केली की तिचा नमुना त्याच दिवशी मागून घ्यावा आणि अर्जाला जोडून संस्थेला द्यावा. असा अर्ज आल्यास समितीने त्यावर एक महिन्याच्या आत विचार करावा अशी तरतूद उपविधींत आहे, आणि समितीची सभाही महिन्यातून किमान एकदा व्हायची असते. तेव्हा ‘पुढच्या मीटिंगला बघू’ हे उत्तर फार तर एकदाच ऐकून घ्यावे. करारनाम्यातील पैशाच्या तारखा ठरवताना या एका महिन्यावर आणखी पंधरा दिवस धरावेत. काही बँका अडलेल्या प्रकरणात नोंदणीकृत करारनामा, भागपत्राची प्रत, थकबाकी नसल्याचा दाखला आणि संस्थेला दिलेल्या अर्जाची पोच एवढ्यावर पुढे जातात; खरेदीदाराने आपल्या शाखेत हे आधीच विचारून ठेवावे.

सहावा टप्पा: जुनी भांडणे आणि दंड

कुत्रा पाळला, गच्चीवर पापड वाळत घातले, पाहुण्याची गाडी चुकीच्या जागी लागली, अशा जुन्या प्रसंगांचे दंड निघताना अचानक बिलात येतात. दंड लावण्याची एक रीत ठरलेली आहे. आधी उपविधीचा भंग सभासदाच्या नजरेस आणून द्यायचा, तो चालूच राहिला तर कारणे दाखवा नोटीस द्यायची, सभासदाचे म्हणणे ऐकायचे, आणि मग सर्वसाधारण सभेने दंड ठरवायचा. २०१४ च्या आदर्श उपविधींत त्याची कमाल मर्यादा एका आर्थिक वर्षाला ५,००० रुपये आहे. सचिवांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर केलेला दंड यात कुठेच बसत नाही. नोटीस व ठरावाची प्रत मागणारे पत्र दिले की असे बरेचसे दंड तिथेच थांबतात.

मात्र एक सल्ला अनुभवाने देतो. निघताना सगळे हिशेब चुकते करण्याचा मोह टाळावा. गळतीचा तीन वर्षांपूर्वीचा वाद, अध्यक्षांनी सभेत केलेला अपमान, लेखापरीक्षणातील शंका हे सर्व विषय खरे असतील, पण ते हस्तांतरणाच्या पत्रव्यवहारात मिसळले की समितीला आपले पत्र ‘वादग्रस्त’ म्हणून बाजूला ठेवता येते. एका पत्रात एकच मागणी ठेवावी. बेकायदा बांधकामाचा आरोप मात्र दुर्लक्षून चालणार नाही. परवानगी असेल तर ती दाखवावी, नसेल तर खरेदीदाराला खरे सांगून, जमल्यास मूळ स्थितीत आणून विषय संपवावा.

सातवा टप्पा: नोटीस, अर्ज आणि पोच

आता औपचारिक भाग. हस्तांतरणाचा इरादा विक्रेत्याने संस्थेला पंधरा दिवसांच्या नोटिशीने कळवायचा असतो, सोबत खरेदीदाराचे संमतीपत्र असते. यांचे नमुने उपविधींच्या परिशिष्टात छापलेले असतात, तेच वापरावेत. स्वतः रचलेल्या अर्जात ‘अमुक वाक्य राहिले’ म्हणून अडवायला वाव मिळतो. करारनामा नोंदल्यानंतर विक्रेत्याचा हस्तांतरणाचा अर्ज, खरेदीदाराचा सभासदत्वाचा अर्ज, मूळ भागपत्र, नोंदणीकृत दस्ताची व सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीच्या गोषवाऱ्याची) प्रत आणि शुल्काचे चेक असा एकत्र संच द्यावा, आणि काय काय दिले याची यादी वरच्या पत्रातच लिहावी. मूळ भागपत्र देताना त्याच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत स्वतःकडे ठेवून, मूळ प्रत मिळाल्याची स्वतंत्र सही घ्यावी.

नवख्या विक्रेत्याची सर्वांत मोठी चूक इथे होते: तो कागद देतो आणि पोच घेत नाही. प्रत्येक पत्राच्या दोन प्रती काढाव्यात, आपल्या प्रतीवर संस्थेचा शिक्का, घेणाऱ्याची सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. मॅनेजर ‘शिक्का साहेबांकडे आहे’ म्हणाला तर वाद न घालता त्याच दिवशी तेच पत्र संस्थेच्या नोंदणीकृत पत्त्यावर टपालाने पोचपावतीसह पाठवावे आणि ईमेलही करावा. पुढे कुठेही तक्रार करायची वेळ आली तर पहिला प्रश्न ‘अर्ज कधी दिला?’ हाच असतो, आणि त्याचे उत्तर शिक्क्यातील तारीख देते. त्या तारखेला वजन असण्याचे कारण असे की सभासदत्वाच्या अर्जावरचा निर्णय संस्थेने तीन महिन्यांत कळवणे अपेक्षित आहे. नकार असेल तर कारणांसह कळवायचा असतो, आणि काहीच कळवले नाही तर सहकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. खरेदीदार शाकाहारी नाही, अविवाहित आहे, अमुक समाजाचा आहे, ही कारणे नकारासाठी चालत नाहीत.

आठवा टप्पा: तरीही अडवले तर

दोन कार्यालयांच्या नावांत नेहमी गल्लत होते. दस्त नोंदवतो तो दुय्यम निबंधक. सोसायट्यांवर देखरेख ठेवतो तो सहकारी संस्थांचा उपनिबंधक किंवा सहायक निबंधक. आपली तक्रार दुसऱ्याकडे जायची आहे, आणि मोठ्या शहरांत ही कार्यालये प्रभागांनुसार वेगळी असल्याने आपला प्रभाग आधी शोधावा.

संस्था सभासदत्वाचा अर्ज किंवा पैसे स्वीकारतच नसेल, तर खरेदीदाराला तो अर्ज निबंधकामार्फत सादर करता येतो. अर्ज फेटाळला असेल तर कलम २३ खाली निबंधकाकडे अपील करता येते आणि ते शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढायचे असते. दोन्ही ठिकाणी अर्जदार खरेदीदार असतो हे लक्षात ठेवून त्याला सुरुवातीपासून विश्वासात घ्यावे. समितीविषयी त्याच्यापासून लपवलेली गोष्ट त्याला लिफ्टमध्येच कोणीतरी सांगतो. मर्यादेबाहेर घेतलेल्या अधिमूल्याची किंवा न दाखवलेल्या कागदपत्रांची तक्रारही निबंधकाकडेच करावी. सभासद आणि संस्था यांच्यातील कारभारविषयक व आर्थिक वाद सहकार न्यायालयात जातात, पण घर विकून जाणाऱ्याला तो रस्ता सहसा लांबचा पडतो.

तक्रार दोन पानांपेक्षा मोठी नसावी. तारीखवार घटना, प्रत्येक घटनेपुढे जोडपत्राचा क्रमांक आणि शेवटी एक निश्चित मागणी एवढे पुरेसे असते. ती दाखल करण्यापूर्वी मसुद्याची प्रत समितीला ‘आठ दिवसांत निर्णय न झाल्यास ही तक्रार दाखल करत आहे’ अशा चार ओळींसह द्यावी. माझ्या पाहण्यात निम्मी प्रकरणे या आठ दिवसांतच मिटतात, कारण समितीतील बाकीच्या सदस्यांना सचिव काय करत आहेत हे अनेकदा तेव्हाच कळते.

थकबाकीच्या नावाखाली पाणी तोडणे, लिफ्ट वापरू न देणे किंवा सामान अडवणे हा वसुलीचा मार्ग नाही. थकबाकीसाठी कायद्याने संस्थेला निबंधकाकडून वसुली दाखला घेण्याची वेगळी, पुरेशी कडक वाट दिलेली आहे. पाणी तोडले तर महापालिका आणि पोलीस ठाणे या दोन्हीकडे लगेच लेखी तक्रार द्यावी.

नववा टप्पा: सामान हलवण्याचा दिवस

सकाळी सात वाजता टेम्पो गेटवर उभा, हमाल चहा पीत बसलेले, आणि वॉचमन म्हणतो, ‘सेक्रेटरी साहेबांचा गेट पास आल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही.’ साहेबांचा फोन बंद. हा प्रसंग टाळण्यासाठी आठ दिवस आधी लेखी कळवावे: तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, हमालांची संख्या, आणि लिफ्टला आतून पुठ्ठे लावणार असल्याची हमी. या पत्राची पोच घेतलेली प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये आदल्या रात्री देऊन ठेवावी आणि एक आपल्या खिशात ठेवावी. बिचाऱ्या वॉचमनवर आवाज चढवू नये; त्याची नोकरी समितीच्या हातात असते आणि कागद दिसला की त्यालाही सुटल्यासारखे वाटते.

शिफ्टिंग चार्जेस मागितले तर त्याचा ठराव मागावा. परत मिळणारी अनामत असेल तर ती चेकने देऊन पावतीवर ‘परतावा’ हा शब्द लिहून घ्यावा. सामान उतरण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर लिफ्ट, जिना आणि आपल्या मजल्याची मोकळी जागा यांचे मोबाइलवर व्हिडिओ घ्यावेत, म्हणजे जुना ओरखडा आपल्या कपाटाच्या नावावर पडत नाही.

दहावा टप्पा: ताबा दिल्यानंतर

ताबा दिला त्या तारखेचे मीटर वाचन, किल्ल्यांची संख्या आणि त्या महिन्याच्या देखभाल शुल्काची वाटणी ताबापत्रात लिहावी. वीजजोडणी, पाइप गॅस आणि मालमत्ता कर यांवरील नाव बदलून घेण्याचे काम खरेदीदाराचे असले तरी महिन्याभरात चौकशी करावी. संस्थेच्या सभासद नोंदवहीत खरेदीदाराचे नाव चढले आणि भागपत्राच्या मागे सह्या झाल्या, त्या पानाचा फोटो त्याच्याकडून मागून घ्यावा. तोपर्यंत संस्थेच्या दप्तरी आपणच सभासद असतो आणि नोटिसाही आपल्याच नावाने निघतात, म्हणून सोसायटीच्या ग्रुपमधून बाहेर पडण्याची घाई त्याआधी करू नये. नूतनीकरणाची आणि शिफ्टिंगची अनामत परत मिळण्यासाठी नवा पत्ता व बँक खात्याचा तपशील लेखी कळवावा. महिन्याभरात रक्कम आली नाही तर स्मरणपत्र पाठवावे.

घर लगेच न विकता भाड्याने देऊन निघणार असाल तर वरचे बरेच टप्पे पुढे ढकलता येतात. भाड्याने देण्यासाठी आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याचा पुरावा संस्थेला द्यावा लागतो. बिले ईमेलने पाठवावीत असे लेखी कळवून ठेवावे आणि पत्रव्यवहारासाठीचा नवा पत्ता सभासद नोंदवहीत नोंदवून घ्यावा, कारण वार्षिक सभेची नोटीस बंद घराच्या दाराखालून सरकवली गेली, तर तिथे मंजूर झालेली वर्गणी आपल्याला कळते ती व्याजासकटच.